स्क्रॅपबुकसाठी महागडा संच लागतोच का?

‘स्क्रॅपबुक करायचं तर खास संच घ्या, साध्या कागदावर फोटो पिवळे पडतात,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणूनच तो पटतो. पण फोटोला धोका कागदाच्या किमतीचा नसतो, कागदातल्या आम्लाचा आणि लिग्निनचा असतो. लिग्निन हा लाकडातला घटक. वर्तमानपत्राच्या कागदात तो भरपूर राहतो, म्हणून जुनी कात्रणं तपकिरी होऊन तुटतात. ‘आम्लविरहित’ लिहिलेले साधे कोरे कागद मात्र बरेचदा स्वस्तातही मिळतात.

घरीच तपासून बघा. कागदाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. तुलनेसाठी शेजारी वर्तमानपत्राची पट्टीही तशीच ठेवा. उघडा भाग झाकलेल्या भागापेक्षा पिवळा दिसला, तर तो कागद फोटोखाली नको. ही ढोबळ चाचणी आहे, आम्ल मोजत नाही, पण वाईट कागद उघडा पडतो.

खरं नुकसान बहुतेकदा चिकटपट्टीने होतं. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडून फोटोत मुरतो. त्यापेक्षा कागदी कोपरे करा: एक सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, दोन्ही टोकं मध्यापासून तिरकी खाली दुमडा, त्रिकोणी खिसा होतो. गोंद खिशाच्या पाठीला, फोटोला अजिबात नाही. फोटो हवा तेव्हा अलगद निघतो.

आणि एकच प्रत असलेला जुना फोटो वहीत लावूच नका, त्याची छापील प्रत लावा.