‘आत्मा तुझ्या हाती’ या प्रार्थनेमागची वाट

नाशिकच्या ख्रिस्ती घरात कुणी गेलं की कबरीपाशी पाळकसाहेब मृताचा आत्मा देवाच्या हाती सोपवतात, आणि पेटीवर मूठमूठ माती पडू लागते. लहानपणापासून हे शब्द दफनाच्या वेळीच ऐकल्यामुळे ते मरणाचेच वाटतात. मुळात मात्र ते जगू पाहणाऱ्या माणसाचे आहेत.

ते बायबलमधल्या स्तोत्र 31 मधले आहेत, आणि हे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचं मानलं जातं. शत्रूंनी जाळं लावलंय, ओळखीचे लोक रस्त्यात पाहून पळतात, आपण फुटक्या भांड्यासारखे झालोय, असं तो सांगतो. पाचव्या ओवीत तो आत्मा देवाच्या हाती देतो आणि पंधराव्या ओवीत आपले दिवसही. त्याला सुटका हवी आहे. यहुदी घरांत या ओवीचा आशय निजताना आळवला जातो, पाश्चात्त्य मठांत ती रात्रीच्या शेवटच्या उपासनेत आली.

वधस्तंभावर येशूने हेच शब्द उच्चारले (लूक 23:46), आधी ‘बापा’ अशी हाक घालून. ख्रिस्तासाठी दगडमार सोसणाऱ्या पहिल्या हुतात्म्याने, स्तेफनाने, आपला आत्मा येशूकडे सोपवला. तिथून ही शेवटच्या श्वासाची प्रार्थना झाली. 1546 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मरताना तीच म्हटली. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:19) दुःख सोसणाऱ्यांना सांगितलंय की, चांगलं करत राहून आपले जीव निर्माणकर्त्याच्या स्वाधीन करा. माझ्या मते सगळं मर्म या ‘चांगलं करत राहून’मध्ये आहे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या 1563 च्या प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकाचा पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना एकमेव दिलासा कोणता, हा आहे. उत्तर: मी माझा नाही, देहाने आणि आत्म्याने ख्रिस्ताचा आहे.

हे आचरणात कसं उतरतं, ते आपल्या नाशिकच्या शरणपूरने पाहिलंय. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेने इथे, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा, शाळा आणि हातचा धंदा दिला. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1872 मध्ये तो आफ्रिकेत शोधप्रवास करणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता. 1 मे 1873 च्या पहाटे, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन बिछान्यापाशी गुडघ्यांवरच मृत सापडले. सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थनापुस्तकातला दफनविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. देवाने आत्मा आपल्याकडे घेतला, आम्ही देह मातीला देतो, असं तो विधी म्हणतो. एवढ्यावर सगळे आपापल्या वाटेने गेले असते, तर कुणी विचारायला येणार नव्हतं.

त्यांनी देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि महिनोन्‌महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. वाटेत काही जण दगावले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा देवाच्या हाती स्वतःला सोपवून जगला, असं मी मानतो. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत नाशिकला शिकलेले बरेच जण होते.