गर्दीतल्या माणसाचं कार्ड

चित्रपट-मालिकांतल्या गर्दीत उभं राहणाऱ्यासाठीचा ‘एक्स्ट्रा’ हा शब्द आता सेटवर कुणी तोंडावर उच्चारत नाही. व्हाउचरवर ‘ज्युनियर आर्टिस्ट’ असतं, बोलताना नुसतं ‘ज्युनियर’, आणि सहायक दिग्दर्शक वॉकीटॉकीवर म्हणतो ‘क्राउड’. एकेकाळचा ‘एक्स्ट्रा सप्लायर’ही आता ‘को-ऑर्डिनेटर’ झाला आहे. कामगाराचं नाव बदललं, त्याला सेटवर आणणाऱ्याचंही बदललं. निर्माता आणि गर्दीतला माणूस यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा असतो, ही रचना मात्र तशीच राहिली. सध्या संघटनेच्या सदस्यत्वाचं कार्ड, थकलेलं मानधन आणि ‘बाहेरची’, म्हणजे बिनकार्डाची, माणसं यांवरून जे वाद होतात, ते या तिसऱ्या माणसाला वगळून समजत नाहीत.

‘ज्युनियर’ या शब्दातही गोंधळ आहे. ज्युनियर म्हटलं की पुढे कधीतरी सीनियर होणं आलं. इथे तशी पायरीच नाही. तीस वर्षं न्यायालयाच्या दृश्यात मागच्या बाकावर बसलेला माणूस तीस वर्षांनीही ज्युनियरच असतो. चेहऱ्यामोहऱ्यावरून आणि कपड्यांवरून वर्गवारी मात्र होते. पार्टीत, विमानतळावर किंवा पंचतारांकित हॉटेलात शोभतील ते ‘डिसेंट’, बाजारात आणि मोर्च्यात खपतील ते वेगळे, आणि दोघांचे दर वेगळे. सूट, साडी, बूट बहुतेक वेळा स्वतःचे आणायचे. एखादं वाक्य वाट्याला आलं की त्या दिवसाचे पैसे वाढतात, आणि तिथेच प्रश्न उभा राहतो: तो आता कलाकार झाला की ज्युनियरच राहिला? बोलणाऱ्या नटांची संघटना वेगळी, न बोलणाऱ्या पुरुषांची वेगळी, स्त्रियांची आणखी वेगळी. एका वाक्यासाठी माणूस कुठल्या दारात जाणार, हे त्या वाक्यापेक्षा मोठं होऊन बसतं.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १९१३ च्या पहिल्या चित्रपटापासून पुढची दोनेक दशकं कंपनीचा माणूस म्हणजे कंपनीचाच माणूस. कोल्हापुरातून १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या मोठ्या स्टुडिओत सुतारापासून नायिकेपर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर होते. दरबार भरवायचा तर आतलीच माणसं अंगरखे चढवायची, कोल्हापुरात तालमीतली पोरं मावळे म्हणून उभी राहायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ही व्यवस्था मोडली. बाहेरचा पैसा आला, एकेका चित्रपटापुरते निर्माते आले, स्टुडिओ भाड्याने द्यायच्या जागा झाल्या. पगारी माणूस रोजंदारीवर आला. दादर-परळपासून अंधेरी-गोरेगावपर्यंत पसरलेल्या स्टुडिओंना रोज वेगवेगळी गर्दी लागू लागली: आज पन्नास हवालदार, उद्या लग्नाचे वऱ्हाडी, परवा क्लबात नाचणारी जोडपी. क्लबातल्या त्या दृश्यांत गोव्याच्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली मोठ्या संख्येने असत, कारण फ्रॉक घालून सहज वावरणाऱ्या मुली सप्लायरला तिथेच मिळत. निर्मात्याला माणसं मोजून हवी होती, नावानिशी नव्हे. ती मोजून देणारा तो सप्लायर. पैसेही त्याच्याच हातून जात, आणि त्याचं कमिशन आधी कापलं जाई.

संघटना आल्या त्या याच कापाकापीवर. १९५६ मध्ये पश्चिम भारतातल्या चित्रपट कामगारांचा महासंघ उभा राहिला आणि प्रकाशयोजनेपासून रंगभूषेपर्यंत एकेका कामाची संघटना त्यात आली. ज्युनियरांचं कार्ड तिथून महत्त्वाचं झालं. कार्ड असलेल्याला ठरलेला दर, शिफ्टचे तास, उशिरा पॅक-अप झालं तर घरी जायचे पैसे. सगळ्यात मोलाची म्हणजे ‘कंटिन्यूटी’. आज न्यायालयाच्या दृश्यात बसवलं, तर उद्या त्याच सदऱ्यात त्याच बाकावर पुन्हा बोलावणं भाग, म्हणजे आणखी दोन-चार दिवसांची खात्री.

कायद्याने या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९८१ मध्ये. त्याच वर्षी ३१ जानेवारीला दिल्लीत गांधीजींवरच्या इंग्रजी चित्रपटासाठी अंत्ययात्रेचं दृश्य चित्रित झालं. तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती आणि त्यातली बहुसंख्य स्वेच्छेने, बिनपैशाची आली होती. माणसं फुकट जमू शकतात ही गोष्ट रोजंदारीवरच्या ज्युनियरच्या डोक्यावर कायम टांगलेली असते. डिसेंबरात संसदेने चित्रपट कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा केला. त्यातलं एक कलम इथे फार महत्त्वाचं. कामगार कंत्राटदारामार्फत किंवा अन्य कुणामार्फत आला असेल, तर लेखी करार निर्माता आणि तो मधला माणूस या दोघांनीही कामगाराशी करायचा, आणि निर्मात्याने त्याची नोंदणी करायची. म्हणजे सप्लायर कायद्याला दिसला होता, आणि त्याच्याआड लपायची सोय निर्मात्याला ठेवलेली नव्हती.

व्यवहारात एका शिफ्टसाठी आलेल्या दोनशे माणसांशी दोनशे करार करायचे तरी कुणी? तीन कथाचित्रपटांत काम केलेल्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होईल अशी तरतूद होती. ज्युनियर एका महिन्यात तीन चित्रपट करतो, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नसतं. मग ती तीन कामं सिद्ध कशी करायची? आणि कायद्यातली कथाचित्रपटाची व्याख्या तर अशी, की ज्यात कथानक मुख्यतः संवादांतून उलगडतं तो. बिनसंवादाच्या माणसांना त्या व्याख्येतून संरक्षण मिळायचं होतं. जाहिरातपट तिने स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवले, आणि दूरदर्शनच्या मालिका तर अजून यायच्या होत्या.

त्या आल्या १९८४ नंतर, आणि १९९२ पासून खासगी वाहिन्यांमुळे कामाचा पूर आला. पौराणिक मालिकांना सैन्य लागलं, कौटुंबिक मालिकांना रोज लग्न, बारसं, पूजा. मराठी वाहिन्या आल्यावर चित्रीकरण वाई, सातारा, कोल्हापूरकडे सरकलं. तिथे बाजारातली गर्दी म्हणून खरोखर बाजारात आलेली माणसं उभी राहू लागली. वाईत मेणवलीच्या घाटावर तर हिंदी चित्रपटांचीही रीघ लागलेली, आणि गर्दी पुरवणारी माणसं गावातच तयार झाली. मुंबईत कुलाब्याच्या कॉफीशॉपांबाहेर एजंट परदेशी पर्यटकांना गाठून दिवसाच्या ५०० रुपयांवर पार्टीच्या दृश्यांना नेऊ लागले. मुंबईच्या कार्डधारकाला हे सगळं आपल्या ताटातलं उचलून नेल्यासारखं वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मालिकांनी आणखी एक रीत आणली: पैसे तीन महिन्यांनी. वाहिनी निर्मात्याला नव्वद दिवसांनी देते, निर्माता पुढे को-ऑर्डिनेटरला, तो ज्युनियरला. रोजंदारीचं काम आणि तिमाही उधारी, असं हे गणित.

१ ऑक्टोबर २००८ ला महासंघाने काम बंद केलं. तीन दिवस मुंबईतलं चित्रीकरण थांबलं, मोठे नटही सेटवर गेले नाहीत. मागण्या जुन्याच होत्या: वेळेवर पैसे, कामाच्या तासांना मर्यादा, आणि सदस्य नसलेल्यांना काम न देणं. या तिसऱ्या मागणीतूनच पुढचा मोठा वाद जन्मला.

२०१० मध्ये निर्मात्यांच्या संघटना आणि महासंघ यांच्यात जो करार झाला, त्यात निर्मात्याने महासंघाशी संलग्न संघटनांचे सदस्यच घ्यायचे, असं ठरलं. ते पाळलं जातं की नाही हे बघायला दक्षता पथकं सेटवर जायची, कार्डं तपासायची, बिनकार्डाची माणसं सापडली तर काम थांबायचं. एका निर्मात्याने २०१४ मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कामगार संघटना हा ‘उद्योग’ नाही, तिला स्पर्धा कायदा लागूच होत नाही, असं संघटनांचं म्हणणं होतं. आयोगाने ते मानलं नाही. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या आदेशात सदस्यांनाच काम देण्याची अट स्पर्धेला मारक ठरवून ती बंद करायला सांगितलं. दंड केला नाही.

या आदेशाकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं, आणि तसं फार कमी जणांनी पाहिलं. आयोगासमोर निर्माता ग्राहक होता आणि श्रम ही विकत घ्यायची सेवा. त्या चौकटीत ‘आमच्याकडूनच घ्या’ म्हणणारा कुणीही मक्तेदारच ठरणार. पण पंचतारांकित निर्मितीसंस्था आणि दिवसाच्या मजुरीवरचा माणूस यांच्यात दर ठरवण्याची ताकद समान कधी होती? कार्डाची सक्ती गेली की दर पाडायला एक फोन पुरतो. गोरेगावच्या चित्रनगरीच्या फाटकाबाहेर अर्ध्या पैशात उभं राहायला तयार असलेली माणसं रोज असतात. ज्यांनी दहा-दहा तास उन्हात चिलखत घालून काढले आहेत, त्यांच्यासाठी कार्ड हे मक्तेदारीचं नव्हे, भाकरीचं साधन होतं.

तेवढंच खरं हेही आहे, की ज्युनियरांच्या संघटनांनी स्वतःची दारं फार घट्ट लावून घेतली होती. नवं सदस्यत्व दुर्मीळ, शुल्क जबर, आणि कार्ड बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत. गावाहून आलेल्या पोराला आत येण्याचा सरळ रस्ता नव्हता, म्हणून तो आडमार्गाने, त्याच सप्लायरच्या बोटाला धरून आला. स्त्रियांच्या बाबतीत याच दारांचं आणखी वाईट रूप दिसलं होतं. रंगभूषाकारांच्या संघटनेने बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड द्यायला नकार दिला, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो नियम रद्द करावा लागला. बंद दाराची ही सवय नसती, तर आयोगापुढे संघटनांची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

आयोगाच्या आदेशाने सप्लायरला हात लावला नाही. तो ना तक्रारदार होता, ना प्रतिवादी. कार्डाचं वजन कमी झालं, तसं त्याचं वाढलं.

मग २०२० आलं, करोनाची टाळेबंदी आली. ३० मे च्या शासन निर्णयाने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण एकतृतीयांश मनुष्यबळात. दोन तृतीयांश माणसं कमी करायची तर आधी गर्दीच जाणार. पासष्टीपुढच्यांना सेटवर पूर्ण बंदी होती. ज्युनियरांत आजोबा, न्यायाधीश, पंच, देवळातले भक्त हे सगळे त्याच वयाचे असतात. चार दशकं छोट्या भूमिका केलेला एक सत्तर वर्षांचा नट उच्च न्यायालयात गेला. साठी-सत्तरीचा माणूस दुकान उघडू शकतो, मग सेटवर का नाही, याला सरकारकडे पटेल असं उत्तर नव्हतं. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. धडधाकट माणसाला घराबाहेर पडून कमवूच दिलं नाही, तर तो सन्मानाने जगणार कसा, हा न्यायालयाचा प्रश्न होता. बड्या नटांनाही त्या निकालाचा फायदा झाला, पण दार ठोठावलं होतं ते छोट्या भूमिकांच्या नटाने.

आता गर्दी जमते ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. ‘पुरुष, २५ ते ४०, पांढरा शर्ट, काळी पँट, कॉल टाइम सकाळी ७’ एवढा मजकूर आणि खाली नंबर. कॉलेजची मुलंही जातात, हौशीने एक दिवस. ‘पासिंग दे’ म्हटलं की कॅमेऱ्यासमोरून इकडून तिकडे चालत जायचं, संध्याकाळी नाव लिहून घरी. पैसे कुणाकडे मागायचे हे बऱ्याच जणांना त्या नंबरापलीकडे माहीत नसतं. मोठ्या लढायांतलं सैन्य तर पुढच्या दोन-तीन रांगा सोडल्या की संगणकावरच उभं राहतं. २०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर होते, तेव्हा गर्दीतल्या माणसांची एकदा स्कॅन केलेली प्रतिमा पुन्हा वापरता येईल का, हा भांडणाचा एक मुद्दा होता. मुंबईत तो अजून कुणाच्या मागणीपत्रात ठळकपणे दिसत नाही.

१९८१ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. २०२० मध्ये मंजूर झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात दूरचित्रवाणी मालिका, वेबमालिका, जाहिराती, रिअ‍ॅलिटी शो सगळं धरलं आहे. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच आहे, आणि लेखी कराराशिवाय त्याला कामावर ठेवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या मजकुरात करार बसतो का, आणि बसत नसेल तर निर्मात्याच्या सहीशेजारी दुसरी सही कुणाची, हे पहिल्यांदा तपासलं जाईल ते बहुधा एखाद्या थकलेल्या शिफ्टच्या पैशांवरूनच.