शाळेत जाताना पाऊस आला : इंग्रजीतल्या पार्टिसिपल क्लॉजची पार्श्वभूमी

'शाळेत जाताना पाऊस आला.' या मराठी वाक्यात काहीही चूक नाही. शाळेत कोण चाललं होतं, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. मुलं हेच वाक्य इंग्रजीत 'गोइंग टू स्कूल, द रेन केम' असं लिहितात आणि वहीत लाल रेघ उमटते, कारण इंग्रजीच्या हिशेबाने सुरुवातीच्या 'गोइंग'चा कर्ता पुढच्या वाक्याचाच कर्ता धरला जातो, म्हणजे इथे शाळेत पाऊस चालला आहे. मुलाला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं. त्याच्या रेघेमागे दोन भाषांचा केवढा मोठा प्रवास आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

'गोइंग'सारख्या, क्रियापदापासून बनलेल्या रूपाला इंग्रजीत 'पार्टिसिपल' म्हणतात. सुरुवात या नावापासून करू. दिओनिसिऑस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावर ख्रिस्तपूर्व १०० च्या सुमाराचं एक छोटं व्याकरण आहे. त्यात शब्दांच्या आठ जाती दिल्या आहेत आणि त्यातली एक आहे 'मेतोखी', म्हणजे भागीदारी. हा शब्द क्रियापदासारखा काळ दाखवतो आणि नामासारखा विभक्तीही घेतो, दोन्हीकडचा वाटा त्याच्याकडे असतो. रोमन लोकांनी त्याचं 'पार्टिसिपियम' केलं. इ. स. १००० च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासीयाने विद्यार्थ्यांसाठी लॅटिनचं व्याकरण इंग्रजीत लिहिलं, तेव्हा त्यानेही 'भाग घेणारा' अशाच अर्थाचा देशी शब्द घडवला. आपला 'धातुसाधित', म्हणजे धातूपासून बनलेला, हा शब्द त्या रूपाचा जन्म सांगतो, ग्रीक शब्द त्याचं वागणं सांगतो. शिकवताना मला ग्रीक शब्द जास्त उपयोगी वाटतो.

एल्फ्रिकच्या काळच्या इंग्रजीत आजचं '-इंग' दोन वेगळ्या रूपांत होतं. 'गात असलेला' या अर्थी 'सिंगेन्दे', आणि 'शिकणं' या अर्थी 'लेओर्नुंग'. पहिलं विशेषणासारखं, दुसरं सरळ नाम. पुढच्या काही शतकांत उत्तरेत '-अँद', मध्य भागात '-एंद', दक्षिणेत '-इंद' अशी पहिल्याची वेगवेगळी रूपं झाली. शेवटचे स्वर झिजले, उच्चार जवळ आले आणि पंधराव्या शतकापर्यंत प्रमाण होऊ लागलेल्या इंग्रजीत दोन्हींच्या जागी एकच '-इंग' बसलं. जेरंड (नामासारखं '-इंग') आणि प्रेझेंट पार्टिसिपल (विशेषणासारखं '-इंग') ओळखताना मुलं अडखळतात, कारण फरक आहे पण दिसत नाही. २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांनी केम्ब्रिजसाठी लिहिलेल्या मोठ्या व्याकरणात तर आजच्या इंग्रजीपुरता हा भेदच सोडून दिला आणि 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच रूप मानलं. मला ते पटतं.

दुसरी झीज जास्त महत्त्वाची. लॅटिनमध्ये आणि जुन्या इंग्रजीतही पार्टिसिपलला लिंग, वचन, विभक्तीचे प्रत्यय लागत. त्यामुळे तो वाक्यात कुठेही असला तरी कुणाचा आहे हे कळे. संस्कृतात आजही तसंच आहे. 'सुप्तं मां सर्पः अदशत्' म्हटलं की 'सुप्तं' आणि 'मां' दोन्ही द्वितीयेत, म्हणजे झोपलेला मी, साप नव्हे. लॅटिनमध्येही 'दॉर्मिएन्तेम मे' अशी जोडी जमते. इंग्रजीतले हे प्रत्यय गळून पडले आणि नातं दाखवायला उरली ती फक्त जागा.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे १६०० च्या सुमाराला, राजाचं भूत मुलाला सांगतं की लोकांत अशी वार्ता पसरवली आहे : 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी'. आजच्या शाळकरी नियमाने इथे बागेत साप झोपला होता. मराठीत मात्र 'बागेत झोपलेला असताना मला साप चावला' हे अगदी सरळ वाक्य आहे. पावसाचं वाक्य लिहिणारं मूल आणि हे भूत एकाच ठिकाणी अडकतात.

नियम कडक झाला तो पुढे. अठराव्या शतकात १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ आणि १७९५ मध्ये लिंडली मरे यांची व्याकरणं आली, शाळांतून शुद्ध-अशुद्धाची शिस्त रुजली. १९२६ मध्ये फाउलरच्या इंग्रजी वापराच्या कोशाने कर्त्याला न जोडलेल्या पार्टिसिपलला 'अनअटॅच्ड' म्हणून वेगळं काढलं. 'डँगलिंग', म्हणजे लोंबकळणारा, हे नाव आज जास्त चालतं. पण काही शब्द या शिस्तीतून केव्हाच निसटले होते. 'ड्युरिंग' मुळात 'टिकत असताना' या अर्थाचा पार्टिसिपल, आता निव्वळ शब्दयोगी अव्यय. 'कन्सिडरिंग'ही त्याच वाटेने गेला. आपल्याकडे 'म्हणून' पाहा. 'म्हण' धातूला '-ऊन' लागून झालेला हा शब्द आता कुणाच्या म्हणण्याशी बांधलेला नाही.

कर्ता एकच असावा, ही अट आपल्याला परकी नाही. पाणिनीने थ्रॅक्सच्या कितीतरी आधी 'समानकर्तृकयोः पूर्वकाले' हे सूत्र दिलं : दोन क्रियांचा कर्ता एक असेल तर आधीच्या क्रियेला 'क्त्वा' लागतो, 'गत्वा', 'कृत्वा' असा. कर्ते वेगळे असतील तर सती सप्तमी होती, म्हणजे कर्ता आणि धातुसाधित दोन्ही सप्तमीत : 'सूर्ये अस्तं गते', सूर्य मावळल्यावर. लॅटिनमध्ये तेच काम पंचमीसारखी एक विभक्ती करी, जुन्या इंग्रजीत चतुर्थी, आणि तिचा अवशेष 'वेदर परमिटिंग' (हवामानाने साथ दिली तर) मध्ये शिल्लक आहे. 'क्त्वा'चं काम मराठीत '-ऊन' करतं आणि 'घरी येऊन मी जेवलो' यात पाणिनीची अट पाळलीही जाते. पण मराठीने ती सैल केली. 'मला मुंबईत येऊन दहा वर्षं झाली' यात आलो मी, झाली वर्षं, आणि कुणाच्या कानाला काही खटकत नाही. '-ताना' तर त्याहून मोकळा : 'तू बोलताना तो हसत होता.'

त्यात आपल्याकडे रूपं अनेक, इंग्रजीकडे बहुतेक ठिकाणी एकच. 'नॉट नोइंग द वे, ही स्टॉप्ड' याचं मराठी 'वाट माहीत नसल्यामुळे तो थांबला' असं होतं, कारण इथे '-इंग'मध्ये कारण लपलं आहे. 'स्मायलिंग, शी लेफ्ट' मध्ये ते 'हसत' होतं. 'द मॅन सिटिंग देअर' मध्ये 'बसलेला'. अर्थ प्रत्ययात शोधणाऱ्या आपल्या मुलाला इथे तो संदर्भातून काढावा लागतो.

नावाचाही एक घोळ सांगायला हवा. आपल्या पिढ्या ज्यावर वाढल्या त्या रेन अँड मार्टिनच्या शालेय इंग्रजी व्याकरणात क्लॉजला, म्हणजे उपवाक्याला, स्वतःचा कर्ता आणि विधेय हवं, म्हणून तिथे हा प्रकार 'फ्रेज' ठरतो. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणाने अशा रचनांना 'नॉनफायनाइट क्लॉज', म्हणजे पूर्ण क्रियापद नसलेलं उपवाक्य, मानलं, आणि परदेशी परीक्षांच्या पुस्तकांतून 'पार्टिसिपल क्लॉज' हे नाव आपल्याकडेही आलं. आईने फ्रेज म्हणावं आणि मुलीने क्लॉज, यात दोघींचंही बरोबर आहे. रचना तीच, व्याख्या बदलली.

त्या वहीत लाल रेघेशेजारी एक ओळ लिहायला जागा असते. तिथे 'वॉकिंग टू स्कूल, आय गॉट वेट' लिहावं आणि खाली मराठीत : शाळेत जाताना मी भिजलो.