काविळीच्या विषाणूचे प्रथिन, जिवाणूच्या पेशीत

पावसाळा सुरू झाला की मुंबईत मलेरिया आणि लेप्टोच्या जोडीने काविळीचे रुग्णही वाढतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या या काविळीमागे बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई यांपैकी एखादा विषाणू असतो. त्यातला ई गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेतू शकतो. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये तो सहजासहजी वाढत नाही, त्यामुळे विषाणू वाढवून आणि मारून लस करण्याची जुनी वाट येथे अडली. मग त्याच्या कवचाचे प्रथिन तेवढे ई. कोलाय या जिवाणूकडून तयार करून घेण्यात आले.

या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा असल्याने हव्या त्या भागाची आधी डीएनए प्रत करतात आणि ती प्लास्मिड या वर्तुळाकार डीएनए-वाहकात बसवतात. अशा वाहकांत जनुकाच्या अलीकडे बहुधा टी७ या विषाणूचा प्रवर्तक, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा, असतो. टी७ हा जिवाणूंनाच ग्रासणारा विषाणू, म्हणजे एका विषाणूचे प्रथिन मिळवायला दुसऱ्याची यंत्रणा उसनी घेतलेली! आयपीटीजी हे रसायन घातले की जनुकावरचा अटकाव सुटतो आणि काही तासांत जिवाणूच्या पेशीत ते प्रथिन साठू लागते.

खरी परीक्षा पुढेच असते. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर प्रथिन वरच्या द्रवात यावे अशी अपेक्षा असते. पण प्रथिने आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवरचा जाड निळा पट्टा पुष्कळदा तळाच्या साक्याच्या रकान्यात दिसतो. प्रथिन भराभर बनते, त्याची घडी नीट पडत नाही आणि गुठळ्या होतात. त्यावर उपाय म्हणून वाढीचे तापमान ३७ अंशांवरून १८ अंशांपर्यंत खाली आणतात. मुंबईच्या हवेत त्यासाठी थंड करणारा शेकरच (जिवाणूंचे द्रावण सतत हलवत ठेवणारे यंत्र) लागतो.

तरीही गुठळी म्हणजे अपयश, असे मला वाटत नाही. हिपॅटायटिस ई च्या कवच-प्रथिनाचा २३९ अमिनो आम्लांचा तुकडा अशाच गुठळ्यांच्या रूपात मिळाला. युरियात विरघळवून युरिया हळूहळू काढून टाकल्यावर त्याचे विषाणूसारखे दिसणारे, पण जनुकरहित कण आपोआप जुळून आले. त्यांवर आधारलेल्या लसीला चीनने २०११ मध्ये मान्यता दिली.

प्रत्येक विषाणूच्या बाबतीत हे जमत नाही. कोरोनाच्या काटेरी प्रथिनावर शर्करेच्या साखळ्यांचे दाट आवरण असते आणि ई. कोलायला त्या साखळ्या जोडता येत नाहीत. म्हणून त्यासाठी कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. हिपॅटायटिस बी च्या लसीतले प्रथिनही जिवाणूऐवजी यीस्टमध्ये तयार केले जाते.