व्हेरिएबलमधली कमांड: तुकडे पाडण्याच्या नियमाची पार्श्वभूमी

युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नावाचे व्हेरिएबल नव्हतेच. व्हेरिएबल, आयएफएस (कोणत्या अक्षरांवर तुकडे पाडायचे ते ठरवणारे व्हेरिएबल) आणि इव्हॅल (मजकूर पुन्हा कमांड म्हणून वाचायला लावणारी कमांड) आज ओळखीच्या रूपात एकत्र दिसतात ते १९७९ च्या बॉर्न शेलपासून. कमांड व्हेरिएबलमध्ये ठेवून चालवण्याचा सगळा गोंधळ तिथल्या एका निर्णयातून निघतो.

निर्णय असा: कोट न केलेले, म्हणजे दुहेरी अवतरणात न ठेवलेले, व्हेरिएबल उलगडले (त्याच्या जागी त्यातला मजकूर आला) की स्पेस, टॅब आणि नवी ओळ येईल तिथे त्याचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यात तारका असेल तर ती फाइलनावांशी जुळवायची. अवतरणचिन्हांचा अर्थ मात्र त्याआधीच, ओळ वाचताना लावून झालेला असतो. व्हेरिएबलमधून बाहेर पडणारे अवतरणचिन्ह शेलच्या लेखी साधे अक्षर.

समजा, व्हेरिएबलमध्ये आरएम (फाइल पुसणारी कमांड) आणि पुढे दुहेरी अवतरणात "जुना अहवाल" हे फाइलनाव आहे. कोट न करता चालवले तर आरएमला दोन नावे मिळतात: सुरुवातीला अवतरणचिन्ह चिकटलेले "जुना आणि शेवटी चिकटलेले अहवाल". अशा फाइल नसल्याने निदान एरर तरी येतो. मजकुरात अवतरणचिन्हे नसतील आणि 'जुना' व 'अहवाल' नावांच्या वेगळ्या फाइल असतील, तर त्या मुकाट्याने उडतात. इव्हॅल वापरले की ओळ पहिल्यापासून वाचली जाते आणि अवतरणे जागेवर बसतात. पण मग फाइलनावाभोवती अवतरणे नसतील तर त्यातला अर्धविरामही कामाला लागतो आणि त्याच्यापुढचा मजकूर कमांड म्हणून चालतो.

सुरुवातीच्या बॉर्न शेलमध्ये हा नियम थेट टाइप केलेल्या शब्दांनाही लागू होता. आयएफएसमध्ये तिरकी रेघ घालून फाइलच्या मार्गाचेच तुकडे पाडायचे आणि जादा अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामना फसवता यायचे. पुढे नियम उलगडलेल्या मजकुरापुरता राहिला आणि पॉसिक्स या युनिक्सच्या समाईक प्रमाणाने १९९२ मध्ये तो त्याच रूपात कायम केला. जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत, हे कारण खरे होते. बॉर्न शेलमध्ये ॲरे (एका नावाखाली वेगवेगळ्या खणांत ठेवलेली यादी) नसल्याने यादी ठेवायची तर स्ट्रिंगमध्येच, म्हणजे सलग मजकुरातच, हेही खरे. पण तोवर प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आरसी शेलने व्हेरिएबल म्हणजेच यादी असे करून दाखवले होते आणि १९९० चा झेडशेल मुळात तुकडेच पाडत नव्हता. सुरक्षित वागणूक आपोआप मिळायला हवी होती. ती मागून घ्यावी लागते, हीच मोठी चूक झाली.

ॲरे कॉर्न शेलमधून आले, बॅश शेलमध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीत. एका खणात एक शब्द ठेवायचा आणि ॲट चिन्ह लावून कोटमध्ये उलगडायचा, की स्पेस असलेले नाव अखंड राहते. उबुंटूने २००६ मध्ये एसएच (शेलचे ठरलेले नाव) म्हणून ॲरे नसलेला डॅश शेल बसवला आणि एसएचच्या नावाखाली बॅशचे ॲरे वापरणाऱ्या स्क्रिप्ट अडल्या. २०१४ च्या शेलशॉक या सुरक्षा-त्रुटीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या फंक्शनच्या शेपटीला जोडलेला कोड बॅश चालवत असल्याचे उघड झाले. यंत्रणा वेगळी, पण मजकुराला कोड समजण्याची खोड तीच.

२०१९ मध्ये मॅकओएसने नव्या खात्यांसाठी झेडशेल दिला. टर्मिनलमध्ये चिकटवलेल्या जुन्या ओळींवर 'कमांड सापडली नाही' येऊ लागले, कारण पर्यायांसकट अख्खी स्ट्रिंग एकच नाव ठरत होती. पॉसिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीत पाइपफेल (पाइपने जोडलेल्यांपैकी एखादी कमांड फसली तरी अपयश कळवणारा पर्याय) आले, ॲरे नाहीत. निव्वळ एसएचमध्ये अजूनही सेट कमांडने पोझिशनल पॅरामीटर (स्क्रिप्टला क्रमांकाने मिळणारे शब्द) भरायचे; तशी यादी एका वेळी एकच मिळते.