गल्लीतला वेग आणि गतिरोधकाचं गणित

चेंडूमागे धावत एक मूल रस्त्यात आलं आणि गाडी त्याच्यापासून चौदा मीटरवर आहे असं समजा. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. वेग ताशी 30 किलोमीटर असेल तर तेवढ्यात गाडी 8 मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरांत थांबते. मूल वाचतं. वेग 50 असेल तर जवळजवळ 14 मीटर त्या एका सेकंदातच संपतात. ब्रेक लागण्याआधीच धडक बसते, तीही पूर्ण वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून 50 च्या गाडीत 30 च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जा असते.

‘वाहने सावकाश चालवा’ अशा पाट्यांचा उपयोग फारसा होत नाही. सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराने 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखलं. तिथल्या निवासी गल्ल्यांत झाडं आणि वाहनतळाच्या जागा अशा मांडल्या की गाडीला वळणं घेतच जावं लागे. 1976 मध्ये अशा गल्ल्यांना देशाच्या कायद्यात स्थान मिळालं.

आपल्याकडचा उपाय म्हणजे गतिरोधक, आणि तो बहुधा चुकीचा बांधला जातो. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच हवा. त्यावरून ताशी 25 च्या आसपास गाडी आरामात जाते. वेग वाढवला की सगळी गाडीच उचलली जाते आणि चालकाला ते नकोसं होतं. रातोरात टाकलेल्या डांबराच्या अरुंद उंचवट्याचं उलट होतं. वेगात आलेल्या मोटारीचं चाक उसळतं खरं, पण तो क्षणिक धक्का स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर पचवतात. सावकाश जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला, स्कूटरवर मागे बसलेल्या आजोबांना मात्र पुरता दणका बसतो. ज्याला आवरायचं तो सुटतो, ही गोष्ट मला फार लागते.

तेव्हा प्रभागात गतिरोधक मागाल तेव्हा अर्जात लांबी आणि उंची आकड्यांत लिहा. रात्री दिसतील असे पट्टे आणि गतिरोधकाच्या अलीकडे इशाऱ्याचा फलकही मागा. काम सुरू झालं की टेप घेऊन जा. डांबर गरम असतानाच चूक सुधारणं सोपं असतं.