धुरकरी (शंकरपट)

धुरकरी : विदर्भातील शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा गडी. पीक घरात आले की, साधारण संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत, वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) गावोगाव पट भरतात. कुठे एकेक जोडी घड्याळावर सोडतात, कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात. धाव काही सेकंदांचीच. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासर येथील कृषक सुधार मंडळाचा पट विशेष नावाजलेला असून तिथे महिला धुरकरीही उतरल्या आहेत. पटाच्या बैलांची नावे पंचक्रोशीत तोंडपाठ असतात, जिंकणाऱ्या जोडीची किंमत लाखांत जाते. धुरकऱ्याचे नाव मात्र त्याच्या गावाबाहेर फारसे जात नाही. मोडके अंग घेऊन तो छकड्यावर, म्हणजे जोडीमागच्या छोट्या गाडीवर, चढतो, याचेही कोणाला नवल वाटत नाही. ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

पटाचा छकडा मुद्दाम हलका बांधतात. त्याला धरायला बाजू नसते, धक्का शोषणारे काही नसते. धुरकरी गुडघे वाकवून अर्धवट बसतो, दोन्ही हातांत कासरे, आणि तोल सगळा मांड्यांवर. धोक्याच्या जागा दोन : सुटताना आणि थांबवताना. सुटताना एक बैल आधी उसळला तर जू तिरपे होते आणि माणूस मागे फेकला जातो. रेषा ओलांडल्यावर जोडी लगेच आवरत नाही आणि नेमके तिथेच पुढे लोक दाटलेले असतात. माणसांना वाचवायला कासरा एका अंगाला ओढला की छकडा कलंडतो. माणूस खांद्यावर पडला की गळपट्टीचे हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडते. त्याखेरीज मनगट, बरगड्या आणि चाकाखाली आलेले पाऊल या नेहमीच्या दुखापती.

मोडल्यावरही धुरकरी उतरतो, त्यामागे साधा हिशेब आहे. प्रौढ माणसाची कॉलरबोन सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि पटाचा सगळा हंगाम जेमतेम तेवढाच. जानेवारीत पडलेला माणूस डॉक्टरांचे ऐकून घरी बसला तर थेट पुढच्या वर्षीच दिसतो. शिवाय जोडी सहसा त्याची नसते. मालक दुसरा, आणि धुरकऱ्याचा वाटा बक्षिसातून ठरलेला. बैलांना त्याचा आवाज, त्याच्या हाताची ओढ ओळखीची असते. ऐनवेळी दुसरा बसवला तर ते बावचळतात. त्यामुळे मालकाला तोच हवा असतो आणि त्यालाही आपली जागा दुसऱ्याला द्यायची नसते. याला लोक छातीचा जोर म्हणतात. छाती लागतेच, पण खालचा हिशेब हंगामाचा आणि वाट्याचा आहे.

मोटोक्रॉससारख्या (खडबडीत मातीवरची मोटारसायकल शर्यत) पैसेवाल्या खेळातही हेच घडते. नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्स २०१४ मध्ये एमएक्स२ गटाच्या जागतिक अजिंक्यपदात मोठ्या आघाडीवर असताना मांडीचे हाड मोडून बसला. सगळा मोसम संपत आला, आघाडी घटत गेली, तेव्हा मेक्सिकोतल्या शेवटच्या फेरीला तो त्याच पायाने उतरला आणि विजेतेपद चार गुणांनी हुकले. मात्र त्याच्या मागे शल्यचिकित्सक होते, संघ होता, धातूची पट्टी आणि फिजिओथेरपी होती. धुरकऱ्यामागे असतो दुपट्टा.

तो बांधायची रीत पाहण्यासारखी आहे. दुपट्टा पाठीवर तिरपा घेऊन दोन्ही खांद्यांवरून पुढे, बगलेखालून परत मागे आणि पाठीवर घट्ट गाठ. खांदे मागे ओढले जातात आणि मोडलेली टोके एकमेकांवर घासत नाहीत. अस्थिरोगतज्ज्ञही एकेकाळी सरसकट असाच आठाच्या आकड्याचा पट्टा बांधत; आता बहुतेक वेळा साधी झोळी देतात. दुपट्टा घट्ट झाला तर हाताला मुंग्या येतात, म्हणून बांधणारा अधूनमधून बोटे हलवून दाखवायला सांगतो. खरा धोका पुढे आहे. दुखऱ्या हाताची मूठ नीट वळत नाही म्हणून काही जण कासरा मनगटाला गुंडाळतात. हे जुन्या जाणत्यांना अजिबात खपत नाही. कासरा मुठीतून सुटला तर माणूस नुसता पडतो. गुंडाळलेला असला तर जोडी थांबेपर्यंत फरपटत जातो, आणि आधी एक हाड मोडलेले असते तिथे खांदाही निखळतो. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हापुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते.

धाव सुरू असताना दुखत नाही, असे धुरकरी सांगतात आणि ते खरे आहे. जिवावरच्या ताणात ॲड्रेनालिन वाढते, मेंदू वेदनेचे संदेश काही काळ दाबून धरतो. ताव ओसरला की दुखणे येते. झाडीपट्टीत तोवर रात्रीच्या नाटकाची वेळ झालेली असते, आणि तोच गडी हात गळ्यात अडकवून मंडपात बसलेला दिसतो. हाड दुखून सांगते तरी. डोक्याचा मार सांगत नाही, म्हणून तोच सर्वांत फसवा. मेंदूला हिसका बसल्यावर माणूस उठतो, बोलतो, पुन्हा छकड्यावर चढतो. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. छकड्यावर हेल्मेट घालायची रीत रुजलेली नाही. डोक्याला शेला बांधतात, त्याने घाम टिपला जातो, एवढेच.

उपचारासाठी पहिली धाव अजूनही अनेकदा हाडवैद्याकडे. बांबूच्या कामट्या, लेप, वर फडके. सरळ मोड असेल तर हाड जुळतेही. पण फडके आवळून बांधले आणि आत सूज चढली तर रक्तपुरवठा तुटून हातच गमवावा लागतो. खरचटण्याकडे तर कोणी पाहतच नाही. पटाच्या मातीत शेण कालवलेले असते आणि धनुर्वाताचे जंतू अशाच मातीत राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असली तर ही एक काळजी मिटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद पडल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी पट प्रत्यक्षात १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम परवानगीनंतरच पुन्हा भरू लागले. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मूळ कायदा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा, त्यामुळे अटींचा रोख बैलांवर आहे. धावपट्टी १,००० मीटरहून लांब नको, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी, पराणी (वऱ्हाडात तुतारी) टोचायची नाही. छळ केल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. बैलांसाठी हे रास्तच झाले. माणसाकडे त्या प्रमाणात कोणी पाहिले नाही, आणि तशी मागणी धुरकऱ्यांनीही जोराने केलेली नाही, कारण तपासणी सुरू झाली तर निम्मे जण बाहेर बसतील अशी त्यांनाच भीती.

जखमेचा खर्च बहुधा मालक आणि धुरकरी यांच्यातल्या समजुतीवर भागतो. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पण ती योजना मृत्यूसाठी किंवा हात, पाय, डोळा कायमचा गेल्यासाठी पैसे देते. मोडून पुन्हा जुळणाऱ्या हाडाला तिच्यात काही नाही.